विंगेतली टाळी

सतरा वर्षांची असताना मी एक अख्खं नाटक दोन टाळ्यांत पाडलं. त्यातली पहिली टाळी मला वाजवायला सांगितलेली होती, दुसरी माझ्या स्वतःच्या अकलेची. नाटकाला टाळ्या वाजवणारे शेकड्यानं असतात, त्यांचं नाव कोणी काढत नाही. मी मात्र विंगेत उभी राहून वाजवल्या, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत 'टाळीवाली शकू' म्हणून माझा लौकिक होता. मला पाहायला आलेल्या मंडळींनाही शेजारच्यांनी चहाबरोबर ही हकीकत पुरवली. तरीही त्यांनी पसंती कळवली, म्हणजे त्या घरातही अकलेचा फारसा आग्रह नसावा. हे वाक्य मी आमच्या 'ह्यां'ना अजून वाचून दाखवलेलं नाही.

तशी टाळी ही शेवटची चूक. पहिली चूक तिच्या आधीची, आणि ती मी चांगली महिनाभर मन लावून करत होते. मला वाटत होतं की नाटकाच्या तिसऱ्या अंकात जे होतं ते घरातही होऊ शकतं, फक्त माणसं योग्य जागी उभी करायला हवीत आणि त्यांना वाक्यं पाठ हवीत. मॅट्रिकला मराठीत पहिली आले होते मी. त्याचा परिणाम डोक्यावर झाला होता.

आमचे बाबा सरकारी कचेरीत कारकून. मूळचे पारशिवनीकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. लहानपणी बैल हाकायच्या काठीनं बापाचा मार खाल्लेला, आणि तो मार ते एखाद्या पदवीसारखा सांगत. "म्हणून शिकलो," म्हणत. "नाही तं आज बैलाच्या मांगं राह्यलो असतो." कचेरीतून त्यांनी एक रूळ आणला होता. तो शिसवी, गोल, रजिस्टरवर रेघा ओढायचा. आमच्या घरात रेघा ओढण्यासारखं काही नव्हतं. रूळ कपाटावर असे, आणि तो खाली उतरला की माझ्या दादावर चाले. दादा म्हणजे मधू, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कधी गणितात मार्क कमी पडले म्हणून, कधी दुधाचं भांडं उलटलं म्हणून, कधी नुसतं 'कसा पाहून राहिला' म्हणून. मला बाबांनी आयुष्यात बोट लावलं नाही. मुलीवर हात टाकू नये असं त्यांचं तत्त्व होतं. तत्त्वाचे फार पक्के होते ते.

संध्याकाळी दाराबाहेर सायकलचा स्टँड फरशीवर 'खट्' वाजायचा, आणि त्या एका आवाजावरून आई आतल्या आत हवामान ओळखायची. जोरात वाजला की ती काही न बोलता खलबत्ता पुढे ओढी आणि भाजलेले जवस कुटायला घेई. मला वाटे, आई कामाची आहे, तिला रिकामं बसवत नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की ती खलबत्ता अशासाठी वाजवत असे, की रुळाचा आवाज शेजारी जाऊ नये. दादा रडायचा नाही, ओरडायचा नाही, त्यामुळे रुळाचा तेवढा झाकला की झालं. शेजारच्या बायका म्हणत, "तुमच्याकडं जवसाची चटणी भारी लागते वं!" लागायचीच. वर्षभर बरणी कधी रिकामी व्हायची नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण लिहायचंच तर खरं लिहावं, मला ती चटणी फार आवडायची. गोळाभातावर कढत तेलाची फोडणी आणि बाजूला ही चटणी, मी दोनदा भात घ्यायची. दादा त्या दिवशी चटणी घेत नसे. मी त्याच्या वाटणीचीही खायची.

माझी नात ही हकीकत ऐकून म्हणाली, "आजी, अशा वडिलांची तक्रार करायची असते." मी म्हटलं, कोणाकडे गं? आमच्या चौकातला हवालदार बाबांच्या अभिनयाचा भक्त होता.

हो, अभिनयाचा. कारण हेच आमचे बाबा कॉलनीच्या मंडळाचे सगळ्यात मोठे नट. दर थंडीत शाळेच्या मैदानावर मांडव पडे, संत्र्याच्या सालींचा आणि रॉकेलच्या बत्त्यांचा वास एकत्र दरवळे आणि मंडळाचं नाटक होई. नाटक लिहिणारे, बसवणारे आणि कपडे शिवणारे एकच, गोविंदकाका टेलर. बायकांच्या पदरानं डोळे पुसले गेले नाहीत तर नाटक फुकट गेलं, असं त्यांचं मत. त्या वर्षीच्या नाटकात एक इनामदार बाप होता. पहिल्या अंकात तो मुलाच्या थोबाडीत मारून त्याला घराबाहेर काढतो. दुसऱ्यात त्याचं सगळं जातं. तिसऱ्यात फाटकी शाल पांघरून मुलाच्या दारात येतो आणि म्हणतो, "बाळ, मला क्षमा कर." मुलगा त्याच्या पायावर पडून म्हणतो, "बाबा, मी तुम्हाला केव्हाच क्षमा केली." मग मिठी, मग पडदा, मग पदर.

इनामदार अर्थातच बाबा. घरी "काय बे, काहून उशीर झाला?" म्हणणारा हा माणूस रंगमंचावर चढला की अशी शुद्ध मराठी बोले, की वाटावं जन्मात कधी नागपुरात पाऊल ठेवलं नसेल. तालमीत क्षमा मागताना त्यांच्या डोळ्यांतून खरं पाणी येई. शेजारणी आईला म्हणत, "तुमचे हे किती हळवे आहेत वं." आई म्हणे, "हो नं. तुम्ही तर नाटकातच पाह्यलं." शेजारणींना वाटे ती विनयानं बोलते आहे.

या नाटकात मुलाचं काम करणाऱ्या पोराला कावीळ झाली, आणि माझ्या सुपीक डोक्यात प्रकाश पडला. मी तेव्हा मंडळाची प्रॉम्प्टर होते. आवाज खणखणीत आणि वाचन अस्खलित, आणि बाबांची मुलगी म्हणून विंगेत उभं राहायला घरून परवानगी. दादाला तेवढ्यात भिलाईला नोकरी लागली होती. संक्रांत झाली की निघायचं होतं. त्यानं मला एकटीला सांगून ठेवलं होतं, "एकदा गेलो का पुन्हा या घरात पाय नाही ठेवत मी. तुले भेटाव वाटलं तं तू ये भिलाईले." तो जे बोले ते करी, तेवढा बाबांवर गेलेला होता. तेव्हा काय करायचं ते संक्रांतीच्या आत करायला हवं होतं. बाबा माफी मागतील, दादा देईल, आणि गाठ सुटेल. माफी मागायची बाबांनी, द्यायची दादानं, आणि घाई मला. मला कधी रूळ लागलेला नव्हता ना.

दादा अंगणात उन्हात संत्रं सोलत बसला होता. मी विषय काढला.

"दादा, तू कर नं ते मुलाचं काम."

"काहून? घरी कमी पडून राहिलं का?"

"नाटकात हात लागत नाही. खोटं असते ते. आवाज मी काढते विंगेतून, टाळीनं."

तो हसला. दादाचं हसणं विचित्र होतं, फक्त नाकातून यायचं. "म्हणजे बाबा मारतीन, तू आवाज काढशीन अन् आई चटणी कुटन. घरच्या घरी कंपनी झाली."

मी रुसले. मग त्यानं संत्र्याची एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "तिसऱ्या अंकात ते माफी मांगतेत नं?"

"हो."

"माह्याकडं पाहून?"

"तुझ्याकडंच पाहून. मुलगा तूच नाही का."

त्यानं सालीचा तुकडा दोन बोटांत दाबून त्याची चिळकांडी उन्हात उडवली. "करतो मंग," म्हणाला. "पाहू तरी त्यायले जमते का ते."

मला एवढा आनंद झाला की मी उरलेलं संत्रं खाऊन टाकलं.

तालमी गोविंदकाकांच्या दुकानात होत, अर्धवट शिवलेल्या कोटांच्या रांगेत. थोबाडीत मारण्याची तालीम काकांनी कापड मोजावं तशी मोजून घेतली. बाबांनी हात उगारून जोरात आणायचा आणि कानाजवळ थांबवायचा. दादानं त्याच क्षणी मान दुसरीकडे वळवायची. मी विंगेत दोन्ही पंजे थोडे खोलगट करून टाळी द्यायची. "तीन माणसं मिळून एक थप्पड," काका म्हणत. "एक जरी चुकला तं लोक हसतीन." माझा इशारा म्हणजे बाबांचं वाक्य, "आजपासून तू माझा कोणी नाहीस." ते संपलं की एक श्वास, आणि टाळी. टाळी मी घरी आरशासमोर घोटवली. गार हातांची टाळी बद्द वाजते, तळवे गरम हवेत, असे शोध लावले. माझ्या टाळीला काका म्हणत, "काय चपराक आहे!" मी लाजायची.

दादाला मात्र काही शिकवावं लागलं नाही. बाबांचा हात खांद्यावर येतो न येतो तोच त्याची मान आपोआप वळे, डोळे मिटत, डावा खांदा वर येई. पहिल्याच दिवशी काका ओरडले, "वा! याले म्हणतात नैसर्गिक अभिनय. रक्तातच आहे पोराच्या." कोटांच्या रांगेत सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्या दिवशी पाणी मागितलं आणि ते न पिताच ग्लास शिलाई मशीनवर ठेवला, एवढं मला आठवतं. त्याचा अर्थ लावायला मला फुरसत नव्हती. मी कागदात नाक खुपसून पुढचं वाक्य शोधत होते.

तालमीच्या त्या दिवसांत घरात रूळ उतरला नाही. मी त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. सकाळी बाबा दाढीचा फेस लावून आरशासमोर उभे राहत आणि वाक्य घोळवत. "बाळ, मला क्षमा कर." मग जरा कापऱ्या आवाजात, "बाळ... मला क्षमा कर." आई स्वयंपाकघरातून विचारी, "कोणाले म्हणून राहिले?" "नाटकातलं आहे," बाबा म्हणत. दादा पाठीमागे पाटावर बसून पोहे खात असे. आरशात तो दिसत असणार. पण आमच्या घरात 'बाळ' कोणी कोणाला म्हणत नव्हतं, 'क्षमा' तर देवाच्या आरतीतही ऐकल्याचं आठवत नाही, तेव्हा ते वाक्य आपल्याला उद्देशून आहे असं दादाला वाटायचं काही कारण नव्हतं. मला मात्र वाटे, चाललंय, बरोबर चाललंय.

नाटकाच्या संध्याकाळी मैदान भरून गेलं होतं. आई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, शाल पांघरून, ओटीत संत्री घेऊन बसलेली. हवालदार पहिल्या रांगेत. मी विंगेत, हातात कागद, डोक्यावर पिवळा दिवा. चहावाल्याच्या शेगडीवर तळवे शेकून आले होते, इतके की ते भाजल्यासारखे लाल झाले होते. प्रॉम्प्टरचा नियम काकांनी मला बजावून सांगितला होता, डोळे कागदावर, कान स्टेजवर. मी आयुष्यात पाळलेला हा एकमेव नियम, आणि त्यानंच घात केला.

बाबांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत जात होता. "आजपासून तू माझा कोणी नाहीस." मी कागदावर बोट ठेवलं, श्वास घेतला आणि टाळी दिली. काय टाळी होती ती. कनातीवर बसलेली कबुतरं उडाली.

त्या वेळी स्टेजवर काय झालं ते मी पाहिलं नाही, ते आईनं मला सांगितलं. बाबांचा हात वर गेला आणि दादाची मान या वेळी वळली नाही. त्यानं डोळेही मिटले नाहीत. सरळ बाबांकडे पाहत उभा राहिला. आणि बाबांचा हात वरच राहिला, कानापासून चांगला हातभर लांब. "दोघंई एकमेकांले पाहून राहिले होते," आई म्हणाली. "माहे हात मांडीवर खलबत्ता शोधून राहिले होते. मग वाटलं, आज नाही लागत. अन् तेवढ्यात तू वाजवली वं."

तर असा तो देखावा. बापाचा हात हवेत आहे, पोराचा गाल जागच्या जागी आहे, आणि थप्पड मात्र सगळ्या मैदानानं ऐकली आहे. मग मागून कोणीतरी विचारलं, "भूत मारून राहिलं का बे?" आणि मांडव फुटला. हवालदाराची टोपी पडली म्हणतात. मला आतून नुसता गलका ऐकू आला, आणि माझ्या सुपीक डोक्यानं अनुमान काढलं की टाळी नीट ऐकू गेलेली नाही. म्हणून मी दुसरी दिली. पहिलीपेक्षा जोरात.

काकांनी पडदा ओढला. मध्यंतरात ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, गळ्यात मोजायची पट्टी, आणि म्हणाले, "शकू, तुले थप्पडीले ठेवलं होतं का गोळीबाराले?" मी रडायला लागले. बाबा लाकडी पेटीवर बसले होते. त्यांच्या भुवयांना कोणीतरी पांढरा रंग लावत होतं आणि ते उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे पाहत होते. मला वाटलं, माझ्यावर रागावलेत. दादा पलीकडे उभा राहून चहा पीत होता. मी डोळे पुसले आणि ठरवलं, तिसऱ्या अंकात एक शब्द चुकू द्यायचा नाही. खरं काम तिथंच होतं.

तिसऱ्या अंकात बाबा फाटकी शाल पांघरून आले. शाल आमच्याच घरची, काकांनी कात्रीनं हौसेनं भोकं पाडलेली. आईचा उसासा मला विंगेत ऐकू आला. दादा खुर्चीजवळ उभा होता. बाबा त्याच्यासमोर येऊन थांबले आणि गप्प झाले.

बाबांना कधी प्रॉम्प्टिंग लागत नसे. मी हळूच सांगितलं, "बाळ, मला क्षमा कर." त्यांनी ऐकलं नाही. मी जरा मोठ्यानं सांगितलं. तरी नाही. तिसऱ्यांदा मी असं सांगितलं की फाटकाजवळच्या फुटाणेवाल्यालाही क्षमा मागायचं कळलं असतं. पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. तेव्हा बाबांनी विंगेकडे पाहिलं आणि हात हलवून मला गप्प राहायला सांगितलं. मग दादाकडे वळून म्हणाले, "मधू." नाटकातल्या मुलाचं नाव विक्रमसिंह होतं.

"मधू," ते पुन्हा म्हणाले, आणि पुढे काही येईना. ओठ हलत होते. भुवयांचा पांढरा रंग घामानं गालावर उतरत होता. एवढा मोठा नट, आणि त्याला स्वतःचं असं एक वाक्य सापडेना.

मी काय केलं असेल? मी उडी मारून पुढच्या ओळीवर गेले आणि दादाला सांगू लागले, "बाबा, मी तुम्हाला केव्हाच क्षमा केली. बाबा, मी तुम्हाला केव्हाच—" दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी कागद खाली घेतले. मग त्यानं खुर्ची ओढून बाबांसमोर ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "जेवले का?"

"नाई," बाबा म्हणाले.

"बसा मंग."

बाबा बसले. दादा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, खुर्चीच्या, बाबांच्या नाही. पायावर पडणं नाही, मिठी नाही. काका दोरी हातात घेऊन मिठीची वाट पाहत राहिले आणि शेवटी कंटाळून त्यांनी पडदा सोडला. कोणी हसलं नाही. टाळ्याही पडल्या नाहीत, लोकांना कळेना की नाटक संपलं की काय. मी विंगेत बसून भोकाड पसरलं. मला वाटलं, सगळं वाया गेलं. क्षमा मागितली गेली नाही, दिली गेली नाही, एवढा महिनाभर मी पाठ करून घेतलेलं एकही वाक्य कोणी म्हटलं नाही.

संक्रांत झाल्यावर दादा भिलाईला गेला. त्याची ट्रंक बाबांनी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि स्टेशनपर्यंत दोघं पायी गेले, एकानं हँडल धरलेलं, एकानं ट्रंक. आपसांत काही बोलले की नाही ते माहीत नाही. मी मागे येत होते, पण मला पुढे यायला दोघांनी मनाई केली होती. तो पुन्हा यायचा नाही, हे मी आईला सांगितलं नाही. तिनं दिवाळीला सांबारवड्या केल्या तेव्हा मी मुकाट्यानं हिरव्या सांबारच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडून दिल्या आणि मनात म्हटलं, एवढ्या कोण खाणार. दादा आला. एक रात्र राहिला, पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत झोपला, सांबारवड्या खाल्ल्या, चटणी खाल्ली नाही. बाबा त्याच्या पानात काय हवं-नको ते आईला सांगत होते, त्याला विचारत नव्हते. पुढच्या दिवाळीलाही आला. मग येतच राहिला, दर वर्षी, एक रात्र. रूळ मधल्या काळात कधीतरी आईनं खिडकीच्या झडपेला टेकू म्हणून लावून टाकला. बाबांनी तो पाहिला आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

मी मात्र प्रॉम्प्टरचं काम सोडलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, तरी दर दिवाळीला दादाला कोपऱ्यात गाठून मी विचारी, "केलं का रे माफ? आता तरी म्हण एकदा. म्हातारे झाले ते." तो नाकातून हसे आणि माझ्या मुलांना फटाके आणायला घेऊन जाई. त्याला स्वतःची दोन मुलं. त्यांच्यावर तो कधी आवाजही चढवत नसे. वहिनी म्हणे, पोरं डोक्यावर बसली तरी हा उठून अंगणात जातो आणि हात खिशात घालून उभा राहतो.

बाबा शेवटी धंतोलीत एका दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. दादा भिलाईहून आला तो या वेळी एका रात्रीसाठी नाही, मुक्कामाला आला. पलंगाजवळच्या स्टुलावर बसून तो संत्रं सोलत असे, फोडीवरचा एकेक पांढरा धागा काढून. मी घरून डबा आणी. एका दुपारी बाबांना जरा बरं वाटत होतं. मी उशी नीट करत होते, तर ते माझा हात धरून म्हणाले, "शके, तवा तू टाळी काहून वाजवली वं? माहा हात तं थांबला होता."

त्यांना ते इतकी वर्षं आठवत असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मी नेहमीसारखी थट्टा करायला गेले, म्हटलं, "बाबा, काकांनी सांगितलं होतं, एक श्वास अन् टाळी. मले कागदातून कसं दिसणार?" पण आवाज माझाच मला ओळखू आला नाही. बाबा म्हणाले, "हं," आणि डोळे मिटले. दादा मान खाली घालून धागे काढत राहिला. मग त्यानं एक फोड बाबांच्या उजव्या हातावर ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवून दिली.

डबा घेऊन मी निघाले तेव्हा दादा जिन्यापर्यंत पोहोचवायला आला. खाली औषधाच्या दुकानासमोर गावाकडची माणसं पिशव्या घेऊन बसलेली होती. आणि मी, आजी व्हायला फार वर्षं उरली नव्हती तरी अक्कल यायची होती ती मी, जिन्याच्या पहिल्याच पायरीवर सुरू झाले, "दादा, ऐकलं नं तू? आता तरी जाऊन म्हण, एक वाक्य तर आहे..." त्यानं डबा माझ्या हातातून घेतला, झाकण घट्ट लावलं, परत दिला आणि म्हणाला, "थांबला होता, शकू. एकदा थांबला होता त्यायचा हात. मी तेवढं धरून येत राह्यलो. पुढचं वाक्य तू मले विंगेतून सांगू नको."